नदीचं मूळ आणि रक्ताचा गट

रुसलेल्या नातवंडासाठी माझ्या आजीकडे एकच औषध होतं. "तुला बोहारणीकडून घेतलंय गं," ती सांगायची. "दोन जुनी लुगडी दिली. घ्यायचं होतं पातेलं, पण पातेली संपली होती, म्हणून तुला घेतलं." मी रडकुंडीला आले की ती मला पुढ्यात ओढून वेणी घालायला बसायची. चेष्टा बोहारणीची आणि केसांत बोटं आजीची. म्हणून ती चेष्टा कधी बोचली नाही.

जत्रेत सापडलास, दवाखान्यात बदललास, देवळाच्या पायरीवरून उचललास, अशा या विनोदाच्या कितीतरी तऱ्हा आपल्या घरांत आहेत. रक्तपेढीत तीस वर्षं काढल्यावर मला त्याचं पुढचं आयुष्यही ठाऊक झालं आहे. मूल लहान असतं तोवर विनोद मुलावर असतो. मूल मोठं झालं की तोच विनोद त्याच्या आईकडे वळतो. "हा कुणावर गेलाय कोण जाणे," असं कुणी हसत म्हणतं, सगळे हसतात, आणि हसण्यात सामील झालं नाही तर संशय येईल म्हणून तीही हसते.

अशीच एक बाई माझ्याकडे आली होती. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कार्डं होती. नवऱ्याचं ओ, तिचं ओ आणि कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून मुलाला मिळालेलं ए. दिवाळीच्या फराळाला मोठ्या दिरांनी ती कार्डं शेजारी शेजारी ठेवून विनोद केला होता. शाळेच्या पुस्तकात असतं ना, आईबाप दोघे ओ तर मूल ओच. नवरा त्या दिवशी काही बोलला नाही. "त्यानंतर चार महिने झाले, मॅडम, ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात," ती म्हणाली.

पुस्तकातला नियम खोटा नाही, पण त्याआधी कार्ड खरं असावं लागतं. शिबिराच्या घाईत काचपट्टीवर दोन थेंब घेऊन, गुठळी झाली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी पाहून गट लिहिला जातो. तपासणीचा द्रव जुना असला, गुठळी अंधूक असली किंवा लिहिणाऱ्याची ओळ चुकली, तर तो चुकीचा गट माणसाच्या पाकिटात वीस-वीस वर्षं राहतो. रक्तपेढीत आम्ही उलट बाजूनंही तपासतो. माणसाचा रक्तद्रव घेऊन तो ए, बी आणि ओ गटांच्या माहीत असलेल्या पेशींवर घालतो. दोन्ही निकाल जुळले तरच गट लिहितो.

या उलट तपासणीचं मोल मुंबईनंच जगाला दाखवलं आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट नोंदवला. आज जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतं. ही माणसं साध्या तपासणीत ओ दिसतात, पण त्यांचा रक्तद्रव ओ पेशींचीही गुठळी करतो. ए आणि बी हे घटक एच नावाच्या पायावर उभे राहतात. भिंतीला खुंटीच नसेल तर सदरा टांगणार कुठे? या माणसांकडे खुंटी नसते. सदरा, म्हणजे ए किंवा बीचा जनुक, मात्र असू शकतो. तो मुलाकडे जातो, दुसऱ्या पालकाकडून मुलाला खुंटी मिळते आणि 'ओ' पालकांच्या घरात निखळ ए गटाचं मूल जन्मतं. भारतात सुमारे १०,००० माणसांत असा एक सापडतो. ज्या घरात तो सापडतो तिथे पुस्तकातल्या नियमानं केवढा अनर्थ होऊ शकतो, याचा विचार आला की मला आजही अस्वस्थ वाटतं.

चेहऱ्यावर भिस्त ठेवणं तर त्याहून वाईट. चार्ली चॅप्लिननं १९२१ साली 'द किड'मध्ये टाकून दिलेल्या पोराला सांभाळणारा भटक्या रंगवला आणि जगाला हसवता हसवता रडवलं. पुढे त्याच्यावरच पितृत्वाचा दावा झाला. चॅप्लिनचा गट ओ, आईचा ए आणि मुलीचा बी. तो बी या दोघांपैकी कुणाकडूनही आलेला असणं शक्य नव्हतं. तरी कॅलिफोर्नियात त्या काळी रक्ताची चाचणी निर्णायक मानत नसत. ज्यूरीला चेहरे ताडून पाहू दिले आणि १९४५ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध गेला.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आपला कायदाही बराचसा त्याच वाटेनं चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमानं विवाह टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं. पतिपत्नींचा संबंध येणंच शक्य नव्हतं, असं सिद्ध झालं तरच अपवाद. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहे. रक्तचाचणी सरसकट मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये बजावलं. बापाच्या हट्टापेक्षा मुलाच्या नावावर लागणारा डाग मोठा मानला, याबद्दल मला या कायद्याविषयी आदर आहे. आमच्या नोंदवहीतही 'वडील' असा रकाना नाही. ज्याचं रक्त, त्याच्याच हाती अहवाल.

त्या बाईला मी एवढंच सांगितलं, तिघांनीही पुन्हा रक्त द्या. आठवड्यानं तिघे आले. मी सुई उघडली तसा नवरा पुढे झाला. "आधी माझं घ्या," तो म्हणाला. "तिचं चार महिने तपासलंच आहे आम्ही."

त्याचा गट ए निघाला. कार्ड बावीस वर्षांपूर्वीच्या कारखान्यातल्या शिबिराचं होतं. त्यानं अहवाल दोनदा वाचला, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच भावाला लावला. "दादा, कार्ड माझंच चुकलं होतं. संध्याकाळी घरी ये. वहिनींना घेऊन ये. जे बोललास ते सगळ्यांसमोर बोललास, तर आता सगळ्यांसमोरच ये." आवाज कापत होता. मी तोंड फिरवून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले.

ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मुलगा समोरच्या गाडीवरून तीन वडापाव घेऊन रस्ता ओलांडत होता.