प्रत नवी करताना

दिवाळीत घराला नवा रंग चढतो, पण भिंती आपल्याच राहतात. संगणकाचं तसं नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सोय आमच्या जुन्या यंत्रात नव्हती. मुकाट्यानं नवं यंत्र घेतलं. त्यावर पंधरा वर्षांपूर्वीची माझी कादंबरी उघडली, तर ऐन दिवाळीत रोमन अक्षरांचा शिमगा!

जीव चरकला. त्या कादंबरीतल्या म्हातारीची बोली माझ्या आईची. आई आता नाही. हस्तलिखितही वाळवीनं खाल्लेलं.

माझा एक विद्यार्थी नेवाशाला संगणकदुरुस्तीचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "सर, मजकूर शाबूत आहे. जुन्या फाँटनं रोमन अक्षरांना मराठी सोंग दिलं होतं; फाँट नाही, म्हणून ते उतरलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क' म्हणजे ०९१५. सगळं पालटून देतो. जोडाक्षरं मात्र तुम्हीच तपासा."

आता रोज रात्री मी हरवलेले रफार शोधतो. चिडचिड होते. पण त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि नकलांत शिरलेले अपपाठ एकनाथांनी १५८४ साली निस्तरले, हे आठवलं की हात पुन्हा चालू लागतो. ग्रंथ टिकतो तो कुणीतरी त्याची प्रत पुन्हा डोळ्यांखालून घालतो म्हणून.

काल एका पानावर आई बोलली. तिच्या शब्दातला रफार चुकून कसं चालेल?