कमावलेले शरीर

हेब्बाळच्या तळ्याकाठी पहाटे फिरायला येणाऱ्यांत साठी ओलांडलेले एक गृहस्थ असत. मूळचे सांगली जिल्ह्यातील विट्याजवळचे. त्या भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी त्यांनी तरुणपणीच गाव सोडले आणि बंगळूरच्या नगरतपेठेत भट्टीसमोर बसून चाळीस वर्षे काढली. पुढे ते हेब्बाळला मुलाकडे राहू लागले. एके दिवशी लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांना असा दम लागला, की पायरीवरच बसावे लागले. त्यांना त्रासापेक्षा लाज अधिक वाटली. कारण गावच्या तालमीत ते एके काळी पाचशे बैठका मारत असत.

मराठी माणूस शरीर 'कमावतो'. शब्द अर्थपूर्ण खरा, पण थोडा फसवा. पेटीत ठेवलेले सोने चाळीस वर्षांनी काढले तरी तेवढेच भरते. शरीराचा हिशेब निराळा असतो. ज्या स्नायूला काम नाही, त्याला पोसण्याचा खर्च शरीर करीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या मांड्या काही आठवड्यांतच बारीक होतात, त्या याच कारणाने.

हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने चालतात, म्हणून त्यांना ऐच्छिक म्हणतात. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील स्नायू अनैच्छिक. ते आपल्याला न विचारता काम करतात. तिसरा प्रकार हृदयाच्या स्नायूचा. तो दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि आयुष्यभर सुट्टी घेत नाही. त्याला हुकूम देता येत नाही, मात्र सराव देता येतो. भरभर चालणे, पोहणे, सायकल चालवणे अशा व्यायामाने तो एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागतो; मग विश्रांतीच्या वेळी नाडी संथ होते. पूर्वीचे वस्ताद बळ आणि दम यांत फरक करीत, तो उगीच नव्हे. दंड भरलेला गडी दमाचा असेलच असे नाही.

तळ्यातील हळदीकुंकू बदकांकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. बदकाला दूरवर उडावे लागते. त्याच्या छातीचे स्नायू गडद लाल असतात, कारण प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन त्यांत भरपूर असते. कोंबडी क्वचितच उडते. तिची छाती पांढरट आणि दिवसभर चालणारे पाय मात्र गडद. मांस शिजवणाऱ्या प्रत्येक घराला हा फरक ठाऊक आहे, त्याचे कारण सहसा कोणी विचारत नाही इतकेच. माणसाच्या स्नायूंतही दीर्घकाळ टिकणारे मंद तंतू आणि झटकन जोर लावून लवकर थकणारे द्रुत तंतू एकत्र नांदतात.

डॉक्टरांनी हृदय तपासून त्यांना चालण्याची परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला आहे. आकडा मोठा वाटतो. पाच दिवसांत वाटला, तर रोजचा अर्धा तास होतो. पहिल्या आठवड्यात ते दहा मिनिटेच चालले. भार थोडा वाढवायचा, मध्ये विश्रांती द्यायची, कारण स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद तर बरीचशी मज्जातंतूंची असते. ते अधिक स्नायूतंतूंना कामाला लावायला शिकतात. तंतू जाड व्हायला त्यापुढे वेळ लागतो, आणि या वयातही ते होतात.

दोन महिन्यांनी ते तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढू लागले. बैठकाही पुन्हा सुरू झाल्या. दहाच, त्याही गच्चीच्या कठड्याला धरून. पाचशेचा आकडा मात्र त्यांनी कोणाला सांगितला नाही.