तांबड्या शाईचा शेरा

सोमदेवाच्या कथासरित्सागरांत गुणाढ्याची हकीगत आहे. त्यानें पैशाची भाषेंत, स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजानें ती पिशाचांची भाषा म्हणून धिक्कारली. तेव्हां गुणाढ्य अरण्यांत बसून एकेक पान वाचूं लागला व अग्नींत टाकूं लागला. पशू चरणें सोडून ऐकत राहिले. एक लक्ष श्लोक तेवढे उरले. ही कथा मीं कित्येक वर्षें मोठ्या गोडीनें शिकविली, आणि दर वेळीं त्या राजाच्या अरसिकतेवर मुलांना हसविलें.

आमच्या पिंपळगांवीं द्राक्षांच्या हंगामांत सुरगाणा-पेठेकडील कोकणा कुटुंबें मजुरीस येतात. 1994 सालीं अशा एका कुटुंबांतला मुलगा माझ्या नववीच्या वर्गांत होता. 'एक स्मरणीय रात्र' या विषयावर त्यानें लिहिलें कीं, गांवानें भुताळी ठरवून हांकलून दिलेली आपली मावशी नदींतल्या खडकांत शिरली. तेव्हांपासून रात्रीं झोंपडींत निजलेलीं माणसें मोजलीं कीं एक अधिक भरतें, आणि दिवा लावला कीं हिशेब बरोबर येतो. मीं तांबड्या शाईनें 'असत्य' असा शेरा मारला, आणि वर तो निबंध मोठ्यानें वाचून दाखविला. वर्ग खदखदून हसला. त्याच दुपारीं मीं वेताळपंचविशी शिकविली, हें सांगावयास आज लाज वाटते.

हंगाम सरला, तीं माणसें परत गेलीं. पुढें बागेंतल्या एका म्हाताऱ्याकडून कळलें कीं मावशी खरी होती, हांकलणेंही खरें होतें. खडक तेवढा मुलाच्या पदरचा.

हांसदा सौभेंद्र शेखर या संथाळ डॉक्टरांचा इंग्रजी कथासंग्रह 2015 सालीं निघाला. 2017 सालीं झारखंड सरकारनें त्यावर बंदी घातली व त्याच वर्षीं ती उठविली. त्या गलबल्यामुळेंच तो माझ्या हातीं आला. त्यांतील 'बासो-झी' या कथेंतली म्हातारी गांवांतल्या मृत्यूंमुळें डाकीण ठरते. तिला जावयास कोठें जागाच नाहीं. तें वाचतांना मी मध्येंच थांबलों. माझ्या त्या विद्यार्थ्यानें मावशीला निदान एक खडक दिला होता, आणि रात्रीं घरीं येण्याची वाट ठेविली होती.

आतां दर हंगामांत सुरगाण्याकडील टोळी आली कीं मी त्याची चौकशी करतों. वही माझ्या ट्रंकेंतच आहे.