नीलांजनेचे नृत्य आणि लंडनचे मैदान

क्रीडामहोत्सव म्हटला की डोळ्यांपुढे धावणारे, पोहणारे, कुस्ती खेळणारे तरुण येतात. नृत्याचा त्याच्याशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. तरीही यजमान देशाला जगासमोर आपली ओळख सांगायची असते तेव्हा तो पहिल्या रात्री नृत्याचाच आधार घेतो. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या. कवी नरेंद्र शर्मा यांनी लिहिलेल्या आणि पंडित रविशंकर यांनी संगीत दिलेल्या स्वागतगीताने त्यांचा प्रारंभ झाला. रंगीत दूरदर्शनचे ते पहिलेच वर्ष असल्याने तो सोहळा अनेक कुटुंबांच्या स्मरणात कायमचा राहिला. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या समारोपात पुढील यजमान म्हणून दिल्लीने निमंत्रण दिले, ते हिंदी चित्रपटांतील तारे आणि शेकडो नर्तकांच्या तोंडून. ३ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मात्र भरतनाट्यम्, कथक, ओडिसी अशा शास्त्रीय शैलींना मानाचे स्थान मिळाले आणि गुरू-शिष्य परंपरेवर एक स्वतंत्र प्रसंग उभा राहिला.

या सर्व सोहळ्यांत एक समान सूत्र होते. नृत्याने आनंद द्यावा, वैभव दाखवावे, पाहुण्यांचे मन प्रसन्न करावे. ते योग्यही होते. घरी मंगलकार्य असताना कोणी दुःखाची गोष्ट काढीत नाही. पण २७ जुलै २०१२ च्या रात्री लंडनच्या ऑलिंपिक मैदानावर दक्षिण आशियाई परंपरेत वाढलेल्या एका नर्तकाने नेमकी तीच गोष्ट काढली. त्या रात्री त्याच्या नृत्याचे जे झाले, त्याचा विचार जैन वाचकाने अवश्य करावा असा आहे.

त्या सोहळ्याचे दिग्दर्शक होते चित्रपटकार डॅनी बॉयल. हजारो स्वयंसेवक, ब्रिटनचा इतिहास, औद्योगिक क्रांतीच्या धुराड्या, रुग्णालयातील परिचारिका आणि मुले, असा भव्य पट त्यांनी मांडला होता. त्यातील एक प्रसंग त्यांनी अक्रम खान यांच्याकडे सोपविला आणि विषय दिला मर्त्यतेचा.

अक्रम खान यांचा जन्म १९७४ साली लंडनमध्ये झाला. आईवडील मूळचे बांगलादेशातील. वडील रेस्टॉरंट चालवीत. परक्या देशात धंद्याचा जम बसविणाऱ्या कुटुंबात मुलाने हिशेबाला बसावे, शिकून डॉक्टर वा वकील व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. पण आईने मुलाला लहानपणीच नृत्याची गोडी लावली आणि सातव्या वर्षी तो पंडित प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकू लागला. पवार हे पंडित बिरजू महाराजांचे शिष्य. म्हणजे लखनौ घराण्याची एक शाखा लंडनमध्ये रुजली आणि एका व्यावसायिकाच्या मुलाच्या पायांत घुंगरू बांधले गेले. पुढे किशोरवयात पीटर ब्रुक यांच्या गाजलेल्या ‘महाभारत’ नाटकात त्याने काम केले आणि त्याबरोबर देशोदेशी प्रवास केला. कथकचा ताल आणि पाश्चात्त्य आधुनिक नृत्याची देहभाषा यांच्या मेळातून त्यांनी नंतर स्वतःची वेगळी शैली घडविली.

मैदानासाठी नृत्य बसविणे हे रंगमंचापेक्षा फार निराळे काम आहे. कथक ही मूळची कथा सांगणाऱ्यांची कला. ती मंदिरात आणि दरबारात वाढली. तिथे प्रेक्षक समोर आणि जवळ असतो. भुवईची किंचित हालचाल, मनगटाचे वळण, डोळ्यांतील भाव त्याला दिसतो. ८०,००० प्रेक्षकांच्या मैदानात यातले काहीही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. प्रेक्षक चारही बाजूंना असतात, त्यामुळे ‘समोर’ ही दिशाच उरत नाही. घुंगरांचा नाद मोकळ्या आभाळात विरून जातो. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकाला वाजलेली मात्रा दुसऱ्या टोकाला थोडी उशिरा पोहोचते. समेवर येण्यासाठी वर्षानुवर्षे तालीम करणाऱ्या नर्तकाला एवढा फरकही फार मोठा असतो. म्हणून अशा सोहळ्यांत कलाकारांच्या कानात लहान श्रवणयंत्र बसवितात आणि मात्रांची मोजणी थेट कानात ऐकवितात.

यावर सोपा उपाय म्हणजे संख्या वाढविणे, कपडे भडक करणे, आतषबाजी करणे. अक्रम खान यांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी केवळ ५० नर्तक घेतले. त्यांना एका देहासारखे एकत्र हालविले. एकाचे डोळे दिसत नसले तरी ५० देहांचा एकत्रित श्वास दुरूनही दिसतो. चेहऱ्यावरचा अभिनय अशा रीतीने त्यांनी समूहाच्या हालचालीत उतरविला. या समूहात ते स्वतः होते आणि एक लहान मुलगा होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या टाचेमागची कंडरा तुटली होती आणि ठरलेले प्रयोग रद्द करावे लागले होते. नर्तकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा धक्का क्वचितच असतो. त्यानंतर सहा महिन्यांनी ते मर्त्यतेवरील नृत्य घेऊन उभे राहिले, तेव्हा देहाच्या क्षणभंगुरतेचा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता.

नृत्याला साथ होती ‘अबाइड विथ मी’ या प्रार्थनेची. हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मोपदेशकाने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेली ही प्रार्थना इंग्लंडमध्ये अंत्यविधीच्या वेळी म्हणतात आणि १९२७ पासून तेथील फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्यापूर्वीही म्हणतात. भारतालाही ती परकी नाही. महात्मा गांधींना ती प्रिय होती आणि दिल्लीतील ‘बीटिंग रिट्रीट’च्या सोहळ्यात तिची धून अनेक वर्षे वाजत असे, २०२२ मध्ये ती वगळण्यात आली. लंडनच्या मैदानात ती एमेली सांडे यांनी गायिली. त्याआधी, ज्यांना या रात्री येथे असायला हवे होते पण जे आता हयात नाहीत, अशा प्रियजनांची छायाचित्रे पडद्यांवर दाखविण्यात आली. प्रेक्षकांनीच ती पाठविली होती. लंडनच्या मनात आणखी एक जखम होती. ६ जुलै २००५ रोजी त्या शहराला ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भुयारी रेल्वे व बसमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. आनंद आणि शोक यांच्यात एका रात्रीचेही अंतर राहिले नव्हते. अनेकांनी हे नृत्य त्या मृतांना वाहिलेली श्रद्धांजली म्हणून पाहिले.

मैदान काही मिनिटे स्तब्ध झाले. ब्रिटनच्या घराघरांत ते नृत्य दिसले. अमेरिकेत मात्र ते दिसलेच नाही. तेथे प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या एन.बी.सी. वाहिनीने तेवढा भाग वगळला आणि त्या जागी जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांची आधीच ध्वनिचित्रित केलेली मुलाखत दाखविली. कार्यक्रम अमेरिकी प्रेक्षकांसाठी बेतलेला होता, असे वाहिनीचे म्हणणे होते. अक्रम खान यांनी आपले दुःख उघडपणे बोलून दाखविले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर वाहिनीचा निर्णय न समजण्याजोगा नाही. हक्कांसाठी प्रचंड रक्कम मोजलेली, जाहिरातींचा काळ विकलेला आणि समोरचा ग्राहक पदकांच्या गोष्टी ऐकायला बसलेला. पण दुकानात मालाची जागा बदलणे वेगळे आणि गिऱ्हाईकाला न सांगता माल बदलणे वेगळे, हे सचोटीने पेढी चालविणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

येथे जैन वाचकाला आदिपुराणातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी तो सविस्तर वर्णिला आहे. भगवान ऋषभदेव राज्य करीत होते. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या सहा कर्मांचे शिक्षण त्यांनी प्रजेला दिले होते. त्यांचा वैराग्यकाळ जवळ आला आहे हे जाणून इंद्राने त्यांच्या सभेत नीलांजना नावाच्या अप्सरेचे नृत्य योजिले. नृत्य ऐन रंगात असताना तिचे आयुष्य संपले आणि ती दिसेनाशी झाली. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने त्याच क्षणी तिच्यासारखीच दुसरी नर्तकी तिथे उभी केली. सभेला काहीच कळले नाही. वाद्ये वाजत राहिली, माना डोलत राहिल्या. कळले ते एकट्या ऋषभदेवांना. त्या एका क्षणात त्यांना संसाराची अनित्यता दिसली आणि ते दीक्षेकडे वळले. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या आणि आज लखनौच्या राज्य संग्रहालयात असलेल्या प्राचीन शिलापटावर हाच प्रसंग कोरलेला आहे, असे अभ्यासक मानतात.

लंडनच्या रात्री अमेरिकी पडद्यावर घडले ते याहून फार निराळे नव्हते. मृत्यूची आठवण पुढे आली आणि रसभंग होऊ नये म्हणून क्षणात तिथे दुसरे दृश्य उभे केले गेले. समोर बसलेल्या कोट्यवधी लोकांना त्या वेळी काहीच कळले नाही. फरक एवढाच की इंद्राचा हेतू भगवंतांना जागे करण्याचा होता.

अनित्यभावना ही बारा भावनांतील पहिली. घरातील वडीलधारी माणसे ती म्हणतात, मुले ऐकतात. पण नृत्यातूनही ती शिकता येते, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले. दिगंबर पंचकल्याणक महोत्सवात तपकल्याणकाच्या दिवशी नीलांजनेचे नृत्य सादर होते, ते याच कारणाने. गावोगावी समाजातील मुलीच ते करतात. वास्तविक तो त्या दिवसाचा गाभा असतो. तरीही पुष्कळ ठिकाणी मंडप, भोजन, रथ आणि बोल्या यांचा विचार महिनोन्‌महिने होतो, आणि नृत्याला मात्र आठ दिवसांची तालीम, ध्वनिमुद्रित गाणे आणि भाड्याचा पोशाख मिळतो. नीलांजना पडते केव्हा आणि दुसरी येते केव्हा, हे सभेला समजतही नाही. आदिपुराणातील सभेलाही ते समजले नव्हते. पण तिथे निदान ती इंद्राची किमया होती, इथे ती तयारीची उणीव असते.

तोच विचार घरातही आहे. मुलगी शाळेत असेपर्यंत भरतनाट्यम्‌च्या किंवा कथकच्या वर्गाला जाते, तिच्या अरंगेत्रमला हौसेने खर्च होतो, आणि बारावीनंतर घुंगरू कपाटात जातात. पुढे तिची कला लग्नातील संगीताच्या रात्रीपुरती उरते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. नृत्य म्हणजे करमणूक, ही समजूत तेवढी पक्की असते. लंडनच्या त्याच ऑलिंपिकच्या समारोपात, १२ ऑगस्टला, दक्षिण आशियाई नृत्य पुन्हा एकदा अवतरले. या वेळी एका विनोदी गीताच्या मध्येच रंगीबेरंगी वेशातील नर्तक आले आणि मैदान हसले. तेही छानच होते. पण जगाला आपल्या नृत्याचे तेवढेच रूप हवे असेल आणि आपणही मुलींकडून तेवढेच मागत असू, तर वाहिनीला दोष देण्याचा आपला अधिकार किती उरतो?

आदिपुराणात याचे उत्तर एका ओळखीच्या ठिकाणी सापडते. ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांना लिपी व अंकविद्या शिकविली हे सर्वांना ठाऊक आहे. पुत्रांनाही त्यांनी एकेक विद्या दिली, आणि थोरल्या भरताला अर्थशास्त्राबरोबर नाट्यशास्त्रही शिकविले. जो पुढे चक्रवर्ती झाला, ज्याला कोश आणि राज्य सांभाळायचे होते, त्याच्याच हाती पित्याने ही दोन्ही शास्त्रे दिली. पेढीवर बसणाऱ्याला नृत्य कळू नये, असे आदिनाथांना वाटले नव्हते.

२०३० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादेत भरणार आहेत. त्या शहराच्या जडणघडणीत जैन महाजनांचा वाटा मोठा आहे. तेथील मैदानात गरबा होईल, रंग उधळतील, दिवे लागतील. त्या रात्रीत काही मिनिटे स्तब्धतेसाठीही राखली जावीत, अशी इच्छा करायला हरकत नाही. त्यापूर्वी आपल्या हातात असलेली गोष्ट साधी आहे. पुढच्या पंचकल्याणकात नीलांजना होणाऱ्या मुलीला पुरेशी तालीम, जिवंत साथसंगत, जाणता गुरू आणि कष्टाचे योग्य मानधन मिळावे. आणि ती पडेल त्या क्षणी मंडपातील ध्वनिक्षेपकावरून बोलीची घोषणा होऊ नये.