बिनभाड्याचे भाडेकरू

तर झालं असं, की मार्चमध्ये मी एकदाचा एसी घ्यायचं ठरवलं. बाणेरमधला पाचवा मजला, पश्चिमेची बेडरूम. ऑफिसातून आल्यावर तापल्या तव्यावर झोपल्याचा फील यायचा. शिवाय आई आली होती. गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं आणि मग तीन महिने माझ्याकडेच राहायचं, असा सगळा प्लॅन मी एक्सेल शीटमध्ये केला होता. त्या शीटमध्ये ‘आईला विचारणे’ हा कॉलम नव्हता.

एसी बसवायला आलेला मुलगा बाल्कनीतून ओरडला, ‘‘मॅडम, इथे कायतरी राहतंय!’’ बिल्डरने पाइपसाठी ठेवलेल्या भोकातून बोटाएवढी तपकिरी मेणचट नळी बाहेर आली होती आणि तिच्या तोंडाशी चिलटांसारखे काळे किडे. मी सरळ स्प्रे आणायला धावले. तोवर आई वॉकर टेकत टेकत बाल्कनीत पोचली होती.

‘‘ठेव तो डबा खाली. पोया आहेत त्या. चावल्या तर चावतील, पण नांगी नाही हो त्यांना.’’

पोया म्हणजे डंख नसलेली मधमाशी. जेमतेम चार मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. मेण आणि झाडांचा चीक कालवून ती घर बांधते आणि मध पोळ्यात नाही, तर मेणाच्या इवल्या इवल्या मडक्यांत साठवते. तो आंबटगोड असतो. आईने लहानपणी देवरुखच्या आमच्या परसातल्या फणसाच्या ढोलीतला खाल्ला होता. एसीवाल्या मुलाला तिने हे सगळं चहा पाजून ऐकवलं. एसी खोक्यातच राहिला.

खरं सांगते, पहिले चार दिवस माझी जाम चिडचिड झाली. पण घरात एक बदल झाला होता. एरवी मी आले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘मला कधी पोचवतेस?’’ आता मला दिवसभराचा रिपोर्ट मिळायला लागला. ऊन आलं की कामाला सुटतात. नळीच्या तोंडाशी चार-पाच जणी पहारा देतात (त्यांना ती वॉचमन म्हणायची, आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनपेक्षा त्या जाग्या असतात म्हणायची). पायांना पिवळे गोळे लावून परततात. मग तिच्या फर्माईशीवरून तुळशीची कुंडी आली. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या फेऱ्या ती बेडरूम ते बाल्कनी अशाच मारायची.

तरी एप्रिल तापला तसा माझ्या डोक्यात पुन्हा एसी शिरला. माश्या मारायच्या नाहीत ना, मग लाकडी पेटीत शिफ्ट करू! सिंपल फंडा. पुण्यात १९६२पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, हे इथे नऊ वर्षं राहून मला तेव्हा कळलं. विचारत विचारत मी एका मधपाळ काकांपर्यंत पोचले. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, भिंत फोडावी लागेल. आणि म्हातारी राणी सापडली नाही तर काही उपयोग नाही. तिचं पोट एवढं जड होतं की तिला उडताच येत नाही.

‘‘मग नवीन घर कसं करतात?’’ मी विचारलं.

साध्या मधमाश्यांत म्हणे जुनी राणी घर सोडून निघते. यांच्यात उलटं. कामकरी माश्या आधी जागा शोधतात, जुन्या घरातून मेण आणि मध नेऊन ती तयार करतात आणि मग तरुण राणी तिकडे जाते. त्यानंतरही कित्येक दिवस जुन्या घरातून नव्या घरी सामान जातच राहतं.

मी फोन ठेवला. आई तुळशीची पिकली पानं खुडत होती.

‘‘म्हातारी आपल्या घरात राहते म्हणजे. शहाणी आहे.’’

मी हसले. ती हसली नव्हती.

‘‘आई, तुला इथे आवडत नाही का गं?’’

‘‘आवडतं की. पण तू आणलंस तेव्हा विचारलं नाहीस, बाय.’’

यावर काय बोलणार? ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य तोंडात आलं होतं, ते गिळलं. रात्री शीट उघडली आणि ‘परत’ या रकान्यात जूनच्या जागी तिने सांगितलेली तारीख टाकली. अक्षय्य तृतीयेच्या आधीची. डॉक्टरांनीही परवानगी दिली. देवरुखला पोचल्यावर ती वॉकर अंगणातच ठेवून काठीने पायरी चढली. मी मागे हात धरून उभी होते, उगाचच.

एसी शेवटी हॉलमध्ये बसवला. मीही आता हॉलमध्येच झोपते. दर पंधरा दिवसांनी एसटी पार्सलने आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी असं काहीबाही येतं. कितीही सांगा, थांबत नाही. परवा फोनवर तिने माझ्या आधी त्यांची चौकशी केली.

‘‘नळी केवढी झाली गं?’’

मी बाल्कनीत जाऊन बोटाने मापली. दोन पेरं भरली.