मोर्णेचा काठ कोणाचा?

अकोल्याचे जुने शहर आणि नवी वस्ती यांच्यामधून मोर्णा वाहते. असदगडाचा पडका तट आजही तिच्या काठी उभा आहे. अकोलेकर पितात ते पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचे. वापरून झाल्यावर त्याचा मोठा वाटा नाल्यांवाटे मोर्णेत उतरतो. पुढे दोन्ही नद्या पूर्णेला मिळतात. त्याच पूर्णेचे पाणी श्रावणातील शेवटच्या सोमवारी तरुण मंडळी गांधीग्रामहून खांद्यावरच्या कावडींतून जुन्या शहरातील राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. नदीचा मान राखणे या गावाला परके नाही.

१३ जानेवारी २०१८ रोजी याचा प्रत्यय आला. त्या दिवशी सहा हजारांहून अधिक नागरिक मोर्णेत उतरले आणि सुमारे चार किलोमीटरच्या टप्प्यात त्यांनी चौदा ठिकाणी जलकुंभी उपसली. त्याच महिन्यात पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून या श्रमदानाचा गौरव केला. तथापि पुढील वर्षांत जलकुंभी परत आली. असे का व्हावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जवळचे कारण आणि दूरचे कारण असा भेद आम्हांस शिकविला गेला. पाणथळ जागा व नदीकाठ यांचा अभ्यास करून त्यांवर उपाय सुचविणारे परिसरशास्त्रज्ञ नेमका हाच भेद चिखलात उभे राहून करतात. जलकुंभी मूळची दक्षिण अमेरिकेची. अनुकूल परिस्थितीत ती पंधरा दिवसांत दुप्पट होते; तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. ती पोसली जाते सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर. पाणी झाकले गेले की प्रकाश अडतो, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. उपसलेला ढीग काठावरच कुजला, तर त्यातील खत पावसाबरोबर पुन्हा नदीत जाते. म्हणजे जलकुंभी हे दुखण्याचे लक्षण. दुखणे नाल्याच्या तोंडाशी आहे.

दुसरे दुखणे काठाचे. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात ढासळते. करंज, जांभूळ, उंबर यांची मुळे तिला धरून ठेवतात. लव्हाळे व पाणकणीस वाहत्या पाण्याचा वेग मोडतात, गाळ अडवितात. त्यांच्या मुळांशी असलेल्या ओल्या गाळातील सूक्ष्म जीव नत्राचे वायूत रूपांतर करून त्याला हवेत सोडतात. असा हिरवा पट्टा हे नदीचे अंग आहे आणि पुरात पसरण्याची तिची हक्काची जागाही. तेथे नुसती सिमेंटची भिंत उभारली, तर काठ देखणा दिसेल. परंतु हे काम थांबेल.

येथे आमच्या मनात एक काटा सलतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. आजाऱ्यांच्या भेटीसाठी अशा घरांत जाणे हा आमचा नित्यक्रम. डासांमुळे नदीकडची खिडकी सांजेलाच बंद होते. एका आजीबाईंना आम्ही विचारले, ‘‘दुसरीकडे जागा मिळाली तर जाल का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काम इथंच हाये, फादर. घर दूर भेटलं त जाचं कसं?’’ काठ मोकळा करा, असे शास्त्र सांगते. ते खरेच आहे. परंतु नदीला तिची जागा परत देताना सर्वांत दुबळ्या माणसाची जागा हिरावली जाऊ नये, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. ते नगररचनेच्या कागदावर, जवळच्या व पक्क्या घरांच्या रूपाने लिहावे लागेल.

श्रमदानाला आम्ही कमी लेखत नाही. फावड्यासोबत आता नकाशाही हाती घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे. कोणता नाला कोठे मिळतो, त्याचे पाणी शुद्ध होऊन येते का, कोणत्या काठावर कोणते झाड जगले, याची नोंद शाळकरी मुलेही दर महिन्याला ठेवू शकतील. सहा हजार हात एका सकाळी नदीत उतरले होते. त्यांतील साठ जरी वर्षभर काठावर टिकले, तरी मोर्णेचे दुखणे कोठे अडले आहे, हे गावाला कळू लागेल.