बाऊजींच्या गाडीची पाटी



चातुर्मास संपला की आमच्याकडे रंगाचे डबे निघतात. या वर्षी भिंती नव्हत्या, एक लोखंडी पाटी होती. सासऱ्यांच्या, म्हणजे बाऊजींच्या फियाटची मागची नंबर प्लेट. गाडी विकताना घेणाऱ्याला चकचकीत पाटी हवी होती, म्हणून नवी रंगवून घेतली आणि जुनी घरात राहिली. एमएच-०६ यायच्या कितीतरी आधीचा नंबर, रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत तेव्हाचा. 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे, काळ्यावर पांढरे. तेव्हा खाजगी गाड्यांच्या पाट्या तशाच असत.

ती महाडच्या घरात जिन्याखाली पडून असायची. जुलै २०२१ च्या पुरात गाडीचं आरसी बुक, लग्नाचे अल्बम, दुकानाच्या वह्या सगळं चिखलात गेलं. ही उरली. मग सासूबाई थोरल्या जाऊबाईंकडे पोलादपूरला राहायला गेल्या, तेव्हा त्यांच्या सामानातून पाटीही गेली आणि तिथल्या पडवीत खिळ्याला लटकली.

जाऊबाईंनी वर्षीतप केलेलं आहे, त्या मोजकंच बोलतात. म्हणाल्या, "गंजलेलं लोखंड सांभाळणं हासुद्धा परिग्रहच." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "तुला रंग द्यायला येतं ना, मग नीट करून दे." तिथे विषय संपला.

खरं तर काम आषाढातच काढणार होते. पाटी उतरवली तर मागे कुंभारीण माशीचं मातीचं घर. एकालाही भोक पडलेलं नाही, म्हणजे पिल्लं आतच. (आई आत पिल्लांसाठी कोळी पकडून ठेवते, तेव्हा त्या घरात अहिंसा नांदत होती असं काही मी म्हणणार नाही. पण ते तिचं कर्म, खरवडलं असतं तर माझं.) पाटी परत खिळ्याला लावली. तसाही पावसाळ्यात एनॅमल नीट वाळत नाही, दोन दिवसांनीही बोटाला चिकटतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर गेले तेव्हा मातीत गोल भोकं पडलेली होती. आत काही उरलं नाही हे काडीने बघितलं आणि मग पाटी महाडला आणली.

पहिली गोष्ट, घासायच्या आधी नंबर उतरवून घ्या. एकदा पॉलिशपेपर फिरला की जुन्या रंगाऱ्याचा हात गेलाच समजा. इथे अडचण अशी की शेवटचे दोन आकडे दिसतच नव्हते. आमचे हे म्हणाले, शेवटून दुसरा आठ. जेठजींनी फोनवर सांगितलं, तीन. दोघंही त्याच गाडीतून आंबेनळी घाट चढलेले, रेडिएटरला पाणी घालायला उतरलेले, आणि दोघांनाही शंभर टक्के खात्री! दोन दिवस भाऊ एकमेकांशी तुटकच बोलत होते.

मी पाटीवर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासली. अक्षराखाली रंगाचा एक थर जास्त असतो, त्यामुळे तिथे गंज कमी चढतो आणि कडा किंचित वर राहते. डोळ्याला दिसत नाही, पेन्सिलीला लागते. कागदावर आठ उमटला, वरचं पोट लहान, खालचं डावीकडे झुकलेलं. शेवटचा आकडा मात्र गंजाने पूर्ण खाल्लेला. तीन वेळा घासलं, टॉर्च आडवा धरून पाहिलं, काही नाही.

मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासलं, आधी १२०, मग २२०. कोरडं घासायचं नाही. जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव असतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, ही पाटी तर त्याच्या खूप आधीची. तोंडाला मास्क लावला, मुलांना दूर ठेवलं. त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि काळ्या एनॅमलचे दोन. (तुमची पाटी ॲल्युमिनियमची असेल तर रेड ऑक्साइड चालत नाही, वेगळा प्रायमर मागा.)

ब्रश घेताना दुकानदाराला विचारलं, "केस कसले?" तो हसला. पांढरे राठ ब्रश बहुतेक डुकराच्या केसांचे असतात, आणि बारीक लिखाणाचे कधी मुंगसाच्या केसांचेही निघतात. मुंगसाच्या केसांचा व्यापार वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी विचारल्याशिवाय कळत नाही. मी नायलॉनचा घेतला. रंग थोडा कमी धरतो, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो, एवढंच. रंगकाम सकाळीच करते, कारण दिव्याखाली किडे येतात आणि ओल्या रंगात अडकतात. वाळेपर्यंत वर पिठाची चाळण पालथी ठेवली.

अक्षरं लिहिताना हाताखाली लाटणं आडवं धरलं. आठ सरळ करायचा मोह झाला. नाही केला, बटर पेपरवर होता तसाच झुकलेला ठेवला.

शेवटच्या जागी काय लिहायचं? हे म्हणाले, "पाच टाक, पाचच होता बहुतेक." पाटी काही गाडीला लागणार नव्हती, रस्त्यावर आता हाय सिक्युरिटी प्लेटच लागते. पन्नास वर्षांवरच्या नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, त्यासाठी गाडी मात्र हवी. म्हणजे माझ्या पाचाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी 'बहुतेक' लिहायला ब्रश उचलेना. ती जागा काळीच ठेवली. यांना ते आवडलं नाही, अर्धवट दिसतं म्हणाले. दिसतंच.

रविवारी पोलादपूरला घेऊन गेलो. सासूबाईंनी पाटी मांडीवर घेतली, आठावरून बोट फिरवलं, रिकाम्या जागेवरूनही फिरवलं. मी विचारलं, "इथे काय होतं, आठवतंय का?"

"नंबर मी कधी वाचलाच नाही गं," त्या म्हणाल्या. "मला हॉर्न ओळखू यायचा."

जेठजींनी तिथेच हॉर्न काढून दाखवला. यांनी सांगितलं, असा नव्हता.